कागदाची पाठ

गुल्हाने वकिलांवर मी संशय घेतला होता, हे कबूल. पण संशय घ्यायला मला शिकवलं कोणी? त्यांनीच ना! तेव्हा निम्मा दोष त्यांचा, असं मी इतकी वर्षं स्वतःला बजावत आले. सर जाऊन आता आठ महिने झाले. माझी उलटतपासणी घेणारं कोणी उरलं नाही, म्हणून खरं काय ते सांगून टाकते.

वर्ध्याच्या कोर्टात त्यांच्यासारखा लेखी युक्तिवाद कोणी लिहीत नव्हतं. लेखी युक्तिवाद म्हणजे काय, ते कोर्टाची पायरी न चढलेल्या भाग्यवानांसाठी सांगते. वकील तोंडाने बोलतो ते हवेत जातं, म्हणून आपली सगळी बाजू मुद्देसूद लिहून न्यायाधीशांच्या हाती द्यायची. निकाल लिहायला बसतात तेव्हा त्यांच्या टेबलावर वकील नसतो, हा कागद असतो. मोठे मोठे गळेवाले वकील दिवसा कोर्ट दणाणून सोडायचे आणि संध्याकाळी गुपचूप सरांच्या नालवाडीच्या घरी येऊन म्हणायचे, "सर, तेवढं लिहून द्या ना." सर लिहून द्यायचे. पण आधी त्या वकिलावर संशय घ्यायचे, मग त्याच्या अशिलावर, आणि शेवटी स्वतःवर.

त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. दूधवाल्यावर नाही, पंचांगावर नाही, कोर्टाच्या भिंतीवरच्या घड्याळावर तर नाहीच नाही. बाररूममध्ये भिंतीला पाठ लावून बसायचे. चहा घरून आणलेल्या कपातच प्यायचे. कोणी लग्नाची पत्रिका दिली तर आधी उलटी करून छापखान्याचं नाव बघायचे. "नागपूरले छापली? इथले छापखाने काऊन नाई चालले?" असं एका वधूपित्याला विचारताना मी या कानांनी ऐकलं आहे. तो बिचारा बारीक तोंड करून निघून गेला. माणसांना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. "नाव माय-बाप ठेवते, उद्या अर्ज देऊन बदलता येते. गाव बदलता येत नाई," हे त्यांचं कारण. मी आर्वीची, म्हणून सात वर्षं त्यांच्या घरात आणि ऑफिसात माझं नाव 'आर्वी' होतं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याचीच मला शंका आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. नवी कोरी सनद, नवा काळा कोट, आणि अंगात मस्ती भरपूर. त्यांनी एक जुनं खरेदीखत समोर टाकलं आणि म्हणाले, "काय दिसते सांग." मी अर्धा तास ते खत पिंजून काढलं. सह्या, साक्षीदार, चतुःसीमा, खाडाखोड. आठ दोष काढून दाखवले आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

"झालं?"

"हो सर."

"अन् मांगं?"

मी कागद उलटवला. स्टँप पेपरच्या मागे विकणाऱ्याचा शिक्का असतो, त्यात कागद कोणी घेतला, कोणत्या तारखेला घेतला, ते लिहिलेलं असतं. खतावरच्या तारखेनंतर चार महिन्यांनी तो कागद विकला गेला होता. म्हणजे आठ दोष गेले चुलीत, हा एकच पुरे होता.

"कागदाले पाठ असते, आर्वी," सर म्हणाले. "माणूस तोंड सजवते. पाठ कोणी सजवत नाई. पह्यले मांगं पाह्यत जाय."

मला रागच आला. एवढी मेहनत केली, त्याबद्दल एक शब्द नाही. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी हजर होते.

त्यांच्याकडे लिहायला शिकणं म्हणजे खोडायला शिकणं. मी लिहायची, 'वादीवर घोर व अक्षम्य अन्याय झालेला आहे.' ते 'घोर' खोडायचे, 'अक्षम्य' खोडायचे, मग 'अन्याय'सुद्धा खोडून विचारायचे, "झालं काय ते लिही ना. भिंत पाडली का? कोणी पाडली? कधी? अन्याय झाला का नाई ते साहेब ठरवतीन, तू काऊन ठरवून राह्यली?" विशेषण दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी. "पुरावा संपला की वकील विशेषणं आणते," म्हणायचे. खालच्या कोर्टाचा युक्तिवाद वीस पानांचा असला तर तोच जिल्हा कोर्टात अपिलाला जाताना दहाचा करायचा, आणि नागपूरला हायकोर्टात जाताना चारचा. "खाली भांडण सांगा लागते. वर फक्त चूक सांगा लागते, खालच्यानं कुठं केली ते. वर जाताना सामान कमी ठेवजो." हे मी आजही माझ्या ज्युनिअरना सांगते, आणि माझं स्वतःचं म्हणून सांगते.

मसुदा तयार झाला की तो काकूंना वाचून दाखवायचा. काकू म्हणजे त्यांची बायको, सातवी शिकलेल्या. त्या खाली बसून तुरीची डाळ निवडत असायच्या आणि मी मोठ्याने वाचायची. सर माझ्याकडे बघत नसत, काकूंच्या मानेकडे बघत. वाचता वाचता एखाद्या ओळीला काकूंची मान वर झाली, की सर त्या ओळीखाली रेघ मारत. काकू काही बोलत नसत. बोलायची गरजच नव्हती. त्या ओळीत काहीतरी पटलेलं नाही, एवढं पुरे. एकदा एका पानावर चार वेळा मान वर झाली, तेव्हा सरांनी अख्खा युक्तिवाद फेकून दिला आणि नवा लिहिला. मी मनातल्या मनात काकूंना हात जोडले, कारण टाइप मलाच करायचं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक. पण एक गोष्ट मला पहिल्यापासून खुपत होती. सर निळ्या शाईने लिहायचे, पण अधूनमधून हिरव्या शाईने काहीतरी लिहीत बसायचे. मी खोलीत शिरले की त्यावर फाईल ठेवायचे. ती हिरवी पानं मला कधी टाइप करायला दिली नाहीत. लिहून झाली की लोखंडी कपाटात, आणि कपाटाला कुलूप. किल्ली काकूंच्या मसाल्याच्या डब्यात, हळदीच्या वाटीखाली. "चोर कपाट शोधते, डबा नाई," म्हणे! केस संपली की ती पानं ते एकेक करून फाडायचे. चार तुकडे. दोन घरच्या टोपलीत आणि दोन खिशात घालून कोर्टातल्या टोपलीत. एका ठिकाणी टाकले तर कोणी जोडून वाचेल!

मी एकदा विचारलं, "सर, हिरव्यात काय लिहिता?"

"तुह्या कामाचं नाई," म्हणाले. झालं. सगळ्या जगावर संशय घ्यायला शिकवलेल्या माणसाने एकच कपाट बंद ठेवलं, तर शिष्येचं डोकं कुठे जाणार?

अशात अल्लीपूरची केस आली. शांताबाई नावाच्या बाई, गावात घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान. मूलबाळ नाही. नवरा वारला आणि महिन्याभरात दिराने मृत्युपत्र काढलं. घर आणि दुकान भावाने आपल्याला दिलं, बायकोला काही नाही. बायकोला का वगळलं, त्याचं कारण मृत्युपत्रात एका ओळीचंही नाही. मृत्युपत्र लिहिणारा दिरानेच आणला, साक्षीदार दिराचे मित्र. कायद्यातच म्हटलं आहे की अशा मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करायची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्याची. म्हणजे ही केस सरांसाठीच जन्माला आली होती. तरी हिंगणघाटच्या कोर्टात बाई हरल्या. वर्ध्याला अपील, आणि तेव्हा त्या सरांकडे आल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, बोलणं मोजकं.

सरांनी त्यांची नेहमीची युक्ती केली, मुद्दाम चुकीचं बोलून माणूस तपासायची. चहा आला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "म्हणजे बाई, नवरा गेला तेव्हा तुमी माहेरी होत्या."

"नाई," शांताबाई म्हणाल्या. "दुकानात होतो. साबण देत होतो मी एका पोरीले."

पंधरा दिवसांनी तेच पुन्हा, वेगळ्या तऱ्हेने. "साबण," शांताबाई म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमी तीनदा तोललं. आता तरी घ्या ना." सर हसले. सर हसलेले मी फार कमी वेळा पाहिले. बाई गेल्यावर मला म्हणाले, "हे घर जाता कामा नये, आर्वी. घर गेलं तर बाईले जागा नाई दुसरी." तेव्हा मला वाटलं, काय माणूस आहे! आणि दोनच महिन्यांत मी त्याच माणसाला चोर ठरवलं.

झालं असं. दिराचा वकील हिंगणघाटचा राऊत. एका रविवारी मी काही कागद द्यायला नालवाडीला गेले, तर ओसरीत राऊत बसलेला. समोर गोरसपाक बिस्किटांचा पुडा, हातात चहा, आणि सर त्याच्याशी खालच्या आवाजात बोलत होते. सर, जे विरुद्ध बाजूच्या वकिलाबरोबर लिफ्टमध्येसुद्धा चढत नसत! मला पाहून दोघे गप्प झाले. मी कागद दिले आणि परत फिरले. डोक्यात भुंगा लागला तो लागलाच.

मग सुनावणीच्या आधीचा शनिवार. सोमवारी युक्तिवाद. सर दाढी करायला गेले होते, आणि फोन करून म्हणाले, "कपाटातून अल्लीपूरच्या नकला काढून ठेवजो. किल्ली काकूले माग." काकूंचे हात पिठात, म्हणाल्या, "घे ना वं तूच डब्यातून." मी हळदीच्या वाटीखालून किल्ली काढली, कपाट उघडलं, आणि नकलांखाली ती हिरवी पानं दिसली. सोळा पानं. वर सुवाच्य अक्षरात मथळा: 'प्रतिवादीतर्फे लेखी युक्तिवाद.'

प्रतिवादी म्हणजे दीर!  उभ्या उभ्या वाचत गेले. काय लिहिलं होतं! एक विशेषण नाही. दिराची बाजू इतकी स्वच्छ, इतकी खरी वाटावी अशी मांडली होती की मलाच क्षणभर वाटलं, बाई खोटी. नवव्या पानावर तर घावच होता: घराच्या सरकारी नोंदीत फेरफार होऊन दिराचं नाव लागलं, बाईंना नोटीस मिळाली, त्यांनी सही करून घेतली, आणि दीड वर्ष त्या गप्प बसल्या. ज्याचं घर जातं तो दीड वर्ष गप्प बसतो का? याचं उत्तर आमच्या निळ्या युक्तिवादात कुठेच नव्हतं. मी तो स्वतः टाइप केला होता, मला पाठ होता.

राऊत, गोरसपाक, खालचा आवाज, बंद कपाट. सगळं जुळलं. दोन्हीकडून लिहितो हा माणूस, असं मी ठरवून टाकलं. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, पुराव्यावरून! सोळा पानं पर्समध्ये घातली, कपाट लावलं, आणि काकूंना "येते" म्हणून निघाले.  बापाने फसवल्यासारखं वाटत होतं, हे आज सांगायला लाज नाही.

रविवारी सकाळी एसटीने अल्लीपूर गाठलं. शांताबाई दुकानातच होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर मी पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "शांताबाई, वकील बदला. उद्या तारीख मागून घेऊ. सर तुमच्या दिराला मिळाले आहेत. हे बघा, त्यांचंच अक्षर."

शांताबाईंनी हात पदराला पुसले. पहिलं पान घेतलं, उजेडाकडे धरलं. वाचायला त्यांना वेळ लागत होता. मी मात्र बोलतच होते, राऊतचं सांगत होते, कपाटाचं सांगत होते. त्यांनी पान उलटं केलं आणि म्हणाल्या, "अन् हे मांगं काय लिवलं?"

मी बघितलं. पानाच्या मागे निळी शाई.

दुसरं पान उलटलं. निळी शाई. तिसरं. सोळाच्या सोळा पानांच्या मागे. समोर हिरव्या शाईत दिराचा एकेक मुद्दा, सर्व ताकदीनिशी. मागे निळ्या शाईत त्याच मुद्द्याचं उत्तर, खालच्या कोर्टातल्या साक्षीच्या पान-ओळीसकट. शत्रूची बाजू आधी लिहून काढायची, शत्रूपेक्षा चांगली, मग तिला तोड शोधायची, आणि कोर्टाने विचारलं तरच ती बाहेर काढायची, ही त्यांची रीत होती. आणि मी, पहिल्याच दिवशी 'मांगं पाह्य' ऐकलेली मी, पान उलटवलं नव्हतं. किराणा दुकानातल्या बाईने उलटवलं.

"काऊन रडून राह्यली वं?" शांताबाई म्हणाल्या. "रद्दीचा कागद असो का नोट, मी तं उलटी करूनच घेतो. दुकान हाय माह्यं." मग गुळाचा खडा हातावर ठेवत म्हणाल्या, "जाय, पोरी. पानं त्याईले नेऊन दे. उद्या लागतीन."

दुपारच्या गाडीने परत आले. पण नालवाडीला जायची छाती झाली नाही. वाटलं, सकाळी लवकर जाऊ, सर आंघोळीला गेले की गुपचूप ठेवून देऊ. भित्रेपणा, दुसरं काय! सोमवारी आठला गेले तर कपाट सताड उघडं, खोलीभर कागद, आणि सर फरशीवर बसलेले. सत्तरीचा माणूस, एवढासा दिसत होता. "हिरवी पानं गेली," एवढंच म्हणाले. माझी पर्स माझ्या खांद्यालाच होती. मी वाकून विखुरलेले कागद गोळा करू लागले.

कोर्टात मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर. राऊत आधी बोलला, आणि बोलला ते जवळजवळ हिरव्या पानांबरहुकूम. त्याच्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर माझ्या पर्समध्ये होतं. मग सर उठले. सुरुवात बरी झाली. मृत्युपत्राच्या स्टँप पेपरची पाठ त्यांनी दाखवली, कागद दिराच्या नावाने, तोही दूर आर्वीहून घेतलेला. आणि मग न्यायाधीश मॅडमनी पेन खाली ठेवून विचारलं, "ते ठीक आहे. पण बाई दीड वर्ष गप्प का होत्या?"

"सांगतो, मॅडम," सर म्हणाले, आणि फाईल चाळू लागले. चाळतच राहिले. अपिलात नवं काही सांगता येत नाही, साक्षीत जे आहे तेच दाखवावं लागतं, पान आणि ओळीसह. त्यांना उत्तर ठाऊक होतं, पण ते कुठे आहे ते त्या पानांच्या पाठीवर होतं. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. शांताबाई भिंतीजवळ उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. मी पर्स उघडली आणि सोळा पानं सरांच्या हाताखाली सरकवली.

त्यांनी पानांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. नववं पान काढलं, उलटं केलं आणि वाचलं:

"बाई बोलल्या नाहीत, हे खरं आहे. पण त्या दीड वर्षात दुकान एक दिवस बंद राहिलं नाही, आणि प्रतिवादीने एकदाही कुलूप लावलं नाही. प्रतिवादीची उलटतपासणी, पान तीन, ओळ अकरा. तो म्हणतो, 'मी चहापत्ती व मीठ वहिनीच्याच दुकानातून पैसे देऊन नेत होतो.' मॅडम, आपल्या मालकीच्या दुकानातून कोणी पैसे देऊन मीठ नेतं का?"

मॅडमनी स्वतः ते पान काढून वाचलं. मग राऊतकडे बघून म्हणाल्या, "असं आहे का हो?" राऊत उठला, आणि आता तो फाईल चाळू लागला.

महिन्याभराने निकाल लागला. अपील मंजूर. दीर नागपूरला गेला, तिथे सरांचा चार पानी कागद गेला, आणि प्रकरण दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच संपलं. शांताबाई आजही त्या गल्ल्यावर बसतात.

पण मला खरी शिक्षा त्या सोमवारी संध्याकाळीच झाली. काकूंनी चहा देताना सांगितलं, "सकाळी पानं नाई सापडली तं मी म्हटलं, आर्वीनं तर नाई नेली? तं अंगावरच आले माह्या! म्हणे, सारं जग नेईन, ते पोरगी नेणार नाई." मी कप तसाच खाली ठेवला. मग धीर करून विचारलं, "काकू, तो राऊत त्या दिवशी कशाला आला होता?" काकू म्हणाल्या, "राऊत? तो तं तुह्या आंधी पाच वर्षं याच खुर्चीवर बसे! पोरीचं लग्न ठरलं म्हणून सांगाले आलता. पोरगा पसंत नाई त्याले, म्हणून हळूच बोलत होता."

म्हणजे राऊतचा युक्तिवाद हिरव्या पानांसारखा का निघाला, तेही कळलं. त्यालाही त्यांनीच लिहायला शिकवलं होतं.

सरांनी मला कधी विचारलं नाही, पानं कुठून आली. मीही सांगितलं नाही. रोज ठरवायची, आज सांगू. रोज काहीतरी आडवं यायचं, किंवा मीच आडवं आणायची. अल्लीपूरची पानं त्यांनी फाडली, नेहमीसारखीच.  पुढे मी माझं ऑफिस थाटलं, सर थकले, कोर्टात येणं बंद झालं. मी सणावाराला जायची, आणि दर वेळी मनात एकच: यांना कळलं होतं का? जगावर संशय घेणाऱ्या माणसाने मला एकटीला का सोडलं? माझी झोप गेली नाही यापायी, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या ओसरीत बसले की चहा गोड लागत नसे.

शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. सर खाटेवर, उशाला टेकून. नजर तीच. काकू खाली बसून डाळ निवडत होत्या. मी पेढे दिले तर त्यांनी पुडा उलटा करून दुकानाचं नाव वाचलं, तेव्हा मला बरं वाटलं. मग त्यांनी काकूंना किल्ली मागितली, माझ्याकडून कपाट उघडून घेतलं, आणि तळातला एक कागद काढायला लावला. हिरवी शाई. अक्षर कापरं, म्हणजे अलीकडेच लिहिलेलं. वरच्या कोपऱ्यात टाचणीने एक विटलेलं एसटीचं तिकीट लावलं होतं.

"वाच. मोठ्यानं," म्हणाले.

मी वाचू लागले. "मुद्दा एक. किल्ली कुठे असते, हे तीन माणसांना ठाऊक होतं. त्यांतली एक म्हणजे ज्युनिअर. मुद्दा दोन. परत मिळालेल्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं होतं."  "मुद्दा तीन. नवव्या आणि दहाव्या पानांमध्ये वर्धा ते अल्लीपूर तिकीट सापडलं, रविवारच्या तारखेचं. मुद्दा चार. ज्युनिअरने पुढील सर्व वर्षांत खुलासा केला नाही. सबब पानं ज्युनिअरनेच नेली, व ती मालकावर संशय घेऊन नेली."

एक विशेषण नव्हतं. मी काकूंकडे बघितलं. त्यांचे हात डाळीत चालूच होते. एका ओळीलाही मान वर झाली नव्हती.

म्हणजे त्यांना त्या सोमवारीच कळलं होतं. कोर्टात, माझ्याकडे न बघता, पान उलटवतानाच.  "सर, मी—" म्हणत मी कागद त्यांच्यापुढे धरला.

सर वैतागले. "काऊन वं आर्वी, एवढी वर्षं झाली वकिलीले! मांगं पाह्य ना!"

मी कागद उलटवला. मागे निळ्या शाईत दोनच शब्द होते.

'परत आणली.'

मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. सरांनी रडू दिलं. मग हात पुढे करून म्हणाले, "आन इकडं. केस संपली." मी म्हटलं, "सर, हा मला ठेवू द्या ना." "अजिबात नाई. कोणाच्या हाती लागला तं?" त्यांनी कागद धरला, पण बोटांत जोर नव्हता. "धर तिकडून," म्हणाले. मग आम्ही दोघांनी मिळून तो फाडला. आधी दोन, मग चार. दोन तुकडे त्यांनी उशीखाली घातले, दोन माझ्या हातात दिले. "एका जागी टाकजो नाई. कोणी जोडते."

महिन्याभरात ते गेले. माझ्या वाट्याचे दोन तुकडे मी टाकले नाहीत, हा त्यांचा मी मोडलेला दुसरा नियम. त्या दिवशी घरी येऊन पर्समधून काढले तेव्हा आधी मागची बाजू बघितली. 'परत' एवढंच माझ्याकडे आलं आहे. दुसरा शब्द त्यांच्याकडे राहिला.